दीर्घिकांचे चुंबकत्व : रेडिओ दुर्बिणीतून घेतलेला वेध



पुण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी नारायणगावला पोहोचला, की उजव्या हाताला खोडद गावाकडे जाणारा रस्ता लागतो. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांतून जाणाऱ्या या रस्त्याने थोडे पुढे गेले, की शेतांच्या वर डोके काढून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आणि अशा एकूण ३० तबकड्या. त्यांपैकी १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे तीन दिशांना पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जी.एम.आर.टी., या नावाने जगभरातील खगोलशास्त्रज्ञ या दुर्बिणीला ओळखतात. जुन्नर तालुक्यात मात्र ती ‘खोडदची दुर्बीण’च आहे.

दुर्बीण म्हटली, की डोळा लावून पाहण्याची नळी मनात उभी राहते. येथे नळी नाही, भिंग नाही, आणि रात्र होण्याची वाट पाहण्याचीही फारशी गरज नाही. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करणे, हे या तबकड्यांचे काम. त्या लहरींतून हायड्रोजन वायू, स्पंदक तारे, सूर्य अशा कितीतरी विषयांचा अभ्यास येथे चालतो. आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांपैकी एकच आहे, आणि तो असा आहे की तो कोणत्याही दुर्बिणीतून थेट दिसणे शक्यच नाही. तो विषय म्हणजे दीर्घिकांचे चुंबकत्व.

आपली आकाशगंगा म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांची एक महाप्रचंड चकती. अशा चकत्या विश्वात असंख्य आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. ताऱ्यांमधील जागा रिकामी नाही. तेथे अत्यंत विरळ वायू आहे आणि त्या वायूला भेदून जाणारे चुंबकीय क्षेत्र आहे. ते किती बलवान असावे? होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गॉस भरते. दीर्घिकेतील क्षेत्र मोजायला गॉसचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोगॉस, हे एकक वापरावे लागते. आणि तेही पाच, दहा, फार तर काही दशके इतकेच भरते. याचा अर्थ पृथ्वीच्या क्षेत्राहून ते पन्नास हजार ते एक लाख पटींनी क्षीण आहे. तेथे होकायंत्र नेले, तर सुई ढिम्म हलणार नाही.

मग इतक्या क्षुल्लक गोष्टीचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्या वायूच्या विरळपणात आहे. ताऱ्यांमधील अवकाशात एका घनसेंटीमीटर जागेत सरासरीने जेमतेम एक अणू असतो. खोलीतल्या हवेत त्याच जागेत दोनावर एकोणीस शून्ये इतके रेणू असतात. एवढ्या हलक्या वायूला हलवायला, अडवायला किंवा धरून ठेवायला मोठे बल लागतच नाही. दहा मायक्रोगॉसचे क्षेत्र त्या वायूच्या खळबळीशी बरोबरी करू शकते. त्या वायूतूनच पुढे तारे जन्माला येतात. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने आक्रसू लागला, की त्यात गुंतलेले चुंबकीय क्षेत्र त्याला विरोध करते. तारा किती वेगाने घडेल, एका ढगातून किती तारे होतील, यावर या विरोधाचा परिणाम होतो. शिवाय विश्वकिरण, म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे विद्युतभारित कण, दीर्घिकेत दीर्घकाळ कोंडून राहतात, ते याच क्षेत्रामुळे. हे क्षेत्र नसते, तर ते कण कधीच बाहेर निसटून गेले असते.

या क्षेत्राचा शोध कसा लागला, त्याची कथा मोठी रंजक आहे, आणि तिच्या आरंभी एका भारतीयाचे नाव आहे. १९१० साली लाहोरला जन्मलेले आणि १९८३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर चाळीसच्या दशकात अमेरिकेत ताऱ्यांच्या वातावरणाचा अभ्यास करीत होते. अतितप्त ताऱ्याच्या कडेकडून येणारा प्रकाश ध्रुवित असावा, असा निष्कर्ष त्यांच्या गणिताने काढला. ध्रुवण म्हणजे काय, हे समजायला दोरीचे उदाहरण पुरेसे आहे. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे हाताने झटकले, तर लाट वर-खाली जाईल किंवा आडवी जाईल, ते हाताच्या दिशेवर अवलंबून असते. प्रकाशही लहरच आहे. साध्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने मिसळलेली असतात. ध्रुवित प्रकाशात एखाद्या दिशेची कंपने अधिक असतात. चंद्रशेखरांचे भाकीत पडताळून पाहण्यासाठी विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल यांनी दुर्बिणी रोखल्या. ध्रुवण मिळाले, पण ते ताऱ्याच्या कडेचे नव्हते. दूरच्या आणि धुळीआडच्या ताऱ्यांचा सगळाच प्रकाश ध्रुवित होता, आणि आकाशाच्या एकेका भागात त्याची दिशाही सारखी होती. ताऱ्यापासून निघालेल्या प्रकाशावर हा संस्कार वाटेतच होत होता. हे निष्कर्ष १९४९ साली प्रसिद्ध झाले. शोधायला निघावे एक आणि हाती लागावे दुसरेच, आणि ते दुसरे अधिक मोलाचे ठरावे, असे विज्ञानात वारंवार घडते.

वाटेत होते ते धुळीचे लांबट कण. चुंबकीय क्षेत्रात हे कण विशिष्ट दिशेने रांगेत उभे राहतात आणि प्रकाशाची एका दिशेची कंपने अधिक शोषून घेतात. म्हणजे ताऱ्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण हा आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्राचा नकाशाच झाला. त्याच १९४९ साली एन्रिको फर्मी यांनी विश्वकिरणांच्या उगमाविषयी एक सिद्धान्त मांडला होता. ताऱ्यांमधील अवकाशात चुंबकीय क्षेत्र आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते. फर्मी आणि चंद्रशेखर दोघेही शिकागो विद्यापीठात होते. दोघांनी मिळून १९५३ साली एक छोटासा, पण आजही ज्याचा आधार घेतला जातो असा शोधनिबंध लिहिला. त्यातील युक्ती विलक्षण सोपी आहे. अंगणात कपडे वाळत घालण्याची दोरी सैल असेल, तर वाऱ्याने ती फार हेलकावते. ताणलेली असेल, तर थोडीशीच थरथरते. वाऱ्याचा वेग ठाऊक असेल आणि दोरीचे हेलकावे मोजले, तर तिचा ताण सांगता येतो. येथे दोरी म्हणजे चुंबकीय बलरेषा, वारा म्हणजे वायूची खळबळ, आणि हेलकावे म्हणजे ध्रुवणाच्या दिशेत ठिकठिकाणी आढळणारा किंचित फरक. या हिशेबातून उत्तर आले, सुमारे सात मायक्रोगॉस. सात दशकांनंतर, कितीतरी सूक्ष्म साधने हाती आल्यावरही, आकाशगंगेच्या आपल्या परिसरातील एकूण क्षेत्राचा आकडा सहाच्या आसपास मानला जातो. कागद, पेन्सिल आणि थोड्याशा निरीक्षणांच्या बळावर गाठलेली ही अचूकता आजही थक्क करणारी आहे.

परंतु ताऱ्यांच्या प्रकाशाची पोहोच मर्यादित आहे. धूळ थोडी असली तर तो ध्रुवित होतो, आणि जास्त असली तर आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्या दीर्घिकांचे चुंबकत्व मोजायचे, तर वेगळी वाट हवी होती. ती वाट रेडिओ लहरींनी दाखवली.

कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याला १९३२ च्या सुमारास दूरध्वनीच्या रेडिओ यंत्रणेत येणारी खरखर कुठून येते, याचा शोध घेताना असे आढळले, की तिचा एक भाग चक्क आकाशगंगेतून येत आहे. ही खरखर कशाची, हे कळायला जवळजवळ दोन दशके जावी लागली. विश्वकिरणांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत धावतात, आणि गिरकी घेताना रेडिओ लहरी बाहेर टाकतात. कणांना गती देणाऱ्या सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रात हीच घटना १९४७ साली प्रत्यक्ष प्रकाशरूपात दिसली होती. म्हणून तिला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. थोडक्यात, आकाशातून येणारी ती खरखर म्हणजे चुंबकीय क्षेत्राचाच आवाज आहे. जेथे क्षेत्र प्रबळ, तेथे आवाज मोठा.

या एकाच आवाजातून शास्त्रज्ञ तीन वेगवेगळ्या गोष्टी काढून घेतात. आवाजाच्या एकूण तीव्रतेवरून क्षेत्राची एकूण शक्ती समजते. मात्र येथे एक अडचण आहे. तीव्रता क्षेत्रावरही अवलंबून असते आणि इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरही. दोन अज्ञात राशी आणि समीकरण एकच. त्यामुळे विश्वकिरणांची ऊर्जा आणि चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा साधारण समसमान आहे, असे गृहीत धरावे लागते. हे गृहीत अनेक ठिकाणी टिकलेले आहे, पण ते गृहीतच आहे, आणि जाणकार अभ्यासक त्याची आठवण ठेवूनच आकडे मांडतात.

दुसरी गोष्ट ध्रुवणातून समजते. सिंक्रोट्रॉन प्रारण मुळातच मोठ्या प्रमाणावर ध्रुवित असते. बलरेषा विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेने जात असतील, तर ते ध्रुवण आपल्यापर्यंत येते. गुंता झालेला असेल, तर निरनिराळ्या दिशांची ध्रुवणे एकमेकांना खोडून काढतात. म्हणजे ध्रुवणाचे प्रमाण पाहिले, की सुव्यवस्थित किती आणि गुंता किती, हे सांगता येते.

तिसरी गोष्ट सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तिचे मूळ १८४५ सालापर्यंत जाते. मायकेल फॅरडे यांनी त्या वर्षी ध्रुवित प्रकाश चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काचेच्या ठोकळ्यातून पाठवला आणि बाहेर येताना त्याच्या ध्रुवणाची दिशा किंचित वळलेली पाहिली. ताऱ्यांमधील आयनित वायूतून रेडिओ लहर जाते, तेव्हाही असाच पीळ पडतो. तरंगलांबी दुप्पट केली, तर पीळ चौपट होतो. म्हणून एकाच स्रोताचे ध्रुवण अनेक तरंगलांब्यांवर मोजले, की एकूण पीळ किती, हे कळते. आणि पीळ कोणत्या बाजूचा आहे, त्यावरून क्षेत्र आपल्याकडे येत आहे की आपल्यापासून दूर जात आहे, हेही कळते. ही दिशा सांगणारी दुसरी सोपी युक्ती नाही. विशेष म्हणजे आपल्या पृथ्वीच्या वातावरणातील आयनांबरही याच लहरींना स्वतःचा पीळ देते. दूरच्या दीर्घिकेचे चुंबकत्व मोजताना घरच्या चुंबकत्वाचा हिशेब आधी वजा करावा लागतो.

नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क येथील रेडिओ दुर्बिणीने १९७२ साली पहिल्यांदा एका परक्या सर्पिल दीर्घिकेच्या सिंक्रोट्रॉन प्रारणाचे ध्रुवण टिपले. ती दीर्घिका म्हणजे एम ५१. सप्तर्षींच्या शेपटातील शेवटचा तारा मरीची. त्याच्या जवळच्या आकाशात, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षे अंतरावर ती आहे. भोवऱ्यासारख्या तिच्या आकाराची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. पुढे जर्मनीतील बॉनजवळच्या एफेल्सबर्ग येथील १०० मीटर व्यासाच्या तबकडीने आणि अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे या दुर्बिणीने तिचे नकाशे अधिकाधिक स्पष्ट केले. प्रकाशात जशा सर्पिल भुजा दिसतात, तशाच चुंबकीय बलरेषाही सर्पिल वळणाने जाताना आढळल्या.

देवयानी दीर्घिकेने दिलेले उत्तर याहूनही बोलके होते. ही आपली शेजारीण, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची. तिच्यातील रेडिओ प्रारण मुख्यत्वे एका विशाल कड्यात एकवटलेले आहे; कड्याची त्रिज्या तीस हजार प्रकाशवर्षांहून अधिक. बॉनच्या शास्त्रज्ञांनी त्या कड्यावर ठिकठिकाणचा पीळ मोजला, तेव्हा क्षेत्र संपूर्ण कड्यात एकाच दिशेने फिरते, असे दिसून आले. लाखो प्रकाशवर्षे घेराच्या कड्यात चुंबकीय क्षेत्र कुठेही दिशा न बदलता एक फेरी पूर्ण करते, ही गोष्ट योगायोगाने घडणारी नव्हे.

मग ती कशाने घडते? येथे या विषयातील खरा प्रश्न सुरू होतो. विद्युतवाहक वायूत चुंबकीय बलरेषा जणू गोठवल्यासारख्या अडकून राहतात; वायू हलला की त्याही हलतात. दीर्घिकेची चकती एखाद्या चाकासारखी एकसंध फिरत नाही. केंद्राजवळचा वायू लवकर फेरी पूर्ण करतो, बाहेरचा रेंगाळतो. सूर्याला एक फेरी पुरी करायला २२ ते २५ कोटी वर्षे लागतात. आकाशगंगेच्या आजवरच्या आयुष्यात अशा कितीतरी फेऱ्या झाल्या. बलरेषा नुसत्याच गुंडाळल्या गेल्या असत्या, तर आज त्या घड्याळाच्या कमानीसारख्या घट्ट आवळलेल्या दिसायला हव्या होत्या. त्या तशा दिसत नाहीत. सैल, मोकळ्या सर्पिलासारख्या दिसतात. आणि ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू सतत घुसळला जात असल्याने मूळचे क्षेत्र केव्हाच विस्कटून जायला हवे होते. तरीही ते आहे. म्हणजे कोणीतरी ते सतत नव्याने निर्माण करीत आहे.

ते काम करणाऱ्या यंत्रणेला डायनामो म्हणतात. सायकलच्या चाकाला टेकवलेला डायनामो जुन्या पिढीला आठवत असेल. चाकाच्या गतीतून वीज तयार होते, पण त्यासाठी आत लोहचुंबक बसवलेला असावा लागतो. दीर्घिकेच्या डायनामोत वेगळा लोहचुंबक नाही. वायूच्या गतीतून विद्युतप्रवाह, प्रवाहातून चुंबकीय क्षेत्र आणि त्या क्षेत्रातून पुन्हा प्रवाह, असे ते चक्र स्वतःच्याच बळावर चालते. चकतीचे असमान फिरणे बलरेषा ताणते. ताऱ्यांच्या स्फोटांनी उसळलेला वायू वर येताना चकतीच्या फिरण्यामुळे वळतो आणि बलरेषांना पीळ घालतो. ताण आणि पीळ यांच्या एकत्र कामातून मोठ्या पल्ल्याचे, एका दिशेचे क्षेत्र वाढत जाते. सुरुवातीला एखादे अतिशय क्षीण बीज मात्र लागते.

चित्र सुबक आहे. पण त्यात एक गाठ आहे. क्षेत्र वाढू लागले, की ते स्वतःच्याच वाढीला अडथळा करू लागते. मोठ्या क्षेत्रात जेवढा पीळ साठतो, तेवढाच उलट दिशेचा पीळ छोट्या पातळीवर साठतो. तो बाहेर टाकला गेला नाही, तर यंत्रणा मंदावते. या कोड्यावर जगात ज्यांनी मूलगामी काम केले, त्यांत पुण्याच्या आयुका या संस्थेत प्राध्यापक राहिलेले कंदस्वामी सुब्रमणियन यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ॲक्सेल ब्रँडेनबर्ग यांच्यासह त्यांनी २००५ साली लिहिलेला खगोलीय चुंबकत्वावरचा प्रदीर्घ आढावा या क्षेत्रातील अभ्यासकांना प्रमाणग्रंथासारखा आहे. दीर्घिकेतून वायू बाहेर फेकला जातो, तेव्हा तो उलटा पीळही सोबत वाहून नेत असावा, हा त्यातून पुढे आलेला एक विचार. सिद्धान्ताचे हे काम आणि निरीक्षणाचे काम, दोन्ही पुणे विद्यापीठाच्या एकाच परिसरात चालते, हे बहुतेक पुणेकरांनाही ठाऊक नसेल. आयुका तेथे आहे, आणि खोडदची दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही तेथेच आहे.

ते केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक भाग. त्याची सुरुवात डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणापाशी जाते. परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी १९६१ साली मायदेशी परतून काम करण्याची इच्छा पत्राने कळवली. भाभांनी ती उचलून धरली. त्यांपैकी गोविंद स्वरूप १९६३ साली परतले. ऑस्ट्रेलियाने देऊ केलेल्या ३२ छोट्या तबकड्या मुंबईजवळ कल्याण येथे उभारून १९६५ साली काम सुरू झाले. नंतर १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब दुर्बीण झाली, आणि नव्वदच्या दशकात खोडदची. मीटरभर लांबीच्या लहरी पकडायला तबकडीचा पत्रा सलग असण्याची गरज नसते. छिद्रे लहरीपेक्षा पुष्कळ लहान असली, की जाळीही आरशासारखे काम करते. हे ओळखून स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोरांवर ताणून बसवलेली, अर्धा मिलिमीटरच्या बारीक तारांची जाळी वापरली. वारा तिच्यातून आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात आला. ही रचना पूर्णतः येथेच कल्पिलेली आणि येथेच घडवलेली आहे. प्राध्यापक स्वरूप यांचे २०२० साली निधन झाले.

जागेची निवड करतानाही चुंबकत्व ध्यानात घेतले गेले. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून जागा पुरेशी उत्तरेला असली, तर तेथील आयनांबर तुलनेने शांत मिळते. आणि फार उत्तरेला नसली, तर दक्षिण आकाशही बरेचसे दिसते. खोडदला हा समतोल साधतो.

आता या दुर्बिणीने प्रस्तुत विषयात काय दिले, ते पाहू. येथे एक वस्तुस्थिती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लांब तरंगलांबीवर पीळ इतका पडतो, की दीर्घिकेच्या निरनिराळ्या थरांतून आलेली ध्रुवणे एकमेकांत मिसळून नाहीशी होतात. त्यामुळे सुव्यवस्थित क्षेत्राचे सुंदर नकाशे प्रामुख्याने एफेल्सबर्ग आणि व्हेरी लार्ज ॲरे येथून, आखूड लहरींवर मिळाले. लांब लहरींचा फायदा दुसरा आहे. आखूड लहरींत तप्त वायूचे प्रारणही मिसळलेले असते. लांब लहरींत त्याचा वाटा अगदी अल्प उरतो, आणि हाती येते ते जवळजवळ शुद्ध सिंक्रोट्रॉन, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा निर्भेळ आवाज. पुण्याच्या केंद्रातील अरित्र बसू आणि सुभाशिष रॉय यांनी खोडदच्या दुर्बिणीतून ९० सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींवर केलेल्या निरीक्षणांच्या आधारे जवळच्या पाच दीर्घिकांच्या क्षेत्राचे नकाशे २०१३ साली प्रसिद्ध केले. सरासरी क्षेत्र सुमारे ११ मायक्रोगॉस आढळले. केंद्राजवळ २० ते २५ आणि बाहेरच्या कडेला १० च्या आसपास. भुजा आणि त्यांच्यामधील मोकळ्या पट्ट्या यांच्यात एकूण क्षेत्राचा फरक फार तर वीस टक्क्यांचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भुजांमध्ये चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा आणि वायूची ऊर्जा यांत दुपटीपेक्षा अधिक तफावत नाही. दीर्घिकेच्या समतोलात चुंबकत्वाचा वाटा दुय्यम नाही, ही गोष्ट त्यातून आकड्यांनिशी पुढे आली.

या पाच दीर्घिकांपैकी एनजीसी ६९४६ हिचे वेगळेपण जर्मन संशोधकांनी १९९६ सालीच दाखवले होते. तिच्यात सर्वाधिक सुव्यवस्थित क्षेत्र ताऱ्यांच्या भुजांमध्ये नाही. ते दोन भुजांच्या मधल्या, वरवर ओसाड वाटणाऱ्या पट्ट्यांत आहे. भुजांमध्ये ताऱ्यांचे जन्म आणि स्फोट सतत चालू असल्याने बलरेषांचा गुंता होतो, हे त्याचे एक स्पष्टीकरण. पण सर्वच दीर्घिका तशा वागत नाहीत. एम ५१ चेच पाहा. बोईंग विमानात बसवलेल्या सोफिया या अवरक्त दुर्बिणीने धुळीच्या ध्रुवणावरून तिच्या क्षेत्राचा जो नकाशा काढला, त्यात बाहेरच्या भुजांपाशी बलरेषा रेडिओ नकाशाप्रमाणे सरळ भुजेच्या वळणाने जात नाहीत, असे २०२१ साली दिसले. बहुधा रेडिओ लहरी विरळ वायूची आणि धूळ दाट ढगांची साक्ष देते, आणि दोन्ही साक्षी आपापल्या जागी खऱ्या असाव्यात. ही दुर्बीण २०२२ साली बंद झाली.

डायनामोला वेळ लागतो; मग फार पूर्वीच्या दीर्घिकांत क्षेत्र क्षीण असायला हवे. ही कसोटी घेण्याची संधी निसर्गानेच दिली. एका दूरच्या क्वासारच्या आणि आपल्या मध्ये एक दीर्घिका नेमकी आडवी आली; तिच्या गुरुत्वाने क्वासारची दोन प्रतिबिंबे दिसू लागली. दोन्ही प्रतिबिंबांच्या लहरी त्या दीर्घिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आल्या आणि दोन्हींत पडलेला पीळ वेगळा निघाला. त्या फरकावरून, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दीर्घिकेतही आजच्यासारखेच मायक्रोगॉस पातळीचे सुसंगत क्षेत्र होते, असे २०१७ साली जाहीर झाले. पुढे २०२३ साली चिलीतील आल्मा दुर्बिणीने ११०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेत धुळीच्या ध्रुवणातून चुंबकीय क्षेत्र टिपले. विश्वाचे वय तेव्हा २५० कोटी वर्षे होते. इतक्या लवकर इतकी व्यवस्था कशी आली, हा प्रश्न आज सिद्धान्ताच्या पुढ्यात उभा आहे. उत्तर मिळवायला हजारो-लाखो दूरच्या स्रोतांचे पीळ मोजावे लागतील. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभारणी चालू असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महाप्रकल्पाच्या प्रमुख उद्दिष्टांत विश्वाचे चुंबकत्व हा विषय आहे. त्यातील सहभागासाठी भारत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये १२५० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली.

शेवटी खोडदच्या शेतांकडे परत येऊ. हे सारे मोजमाप शांततेवर अवलंबून आहे. ही शांतता कानांची नव्हे, रेडिओ लहरींची. साधा भ्रमणध्वनी चंद्रावर नेऊन चालू ठेवला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील मोजक्या तेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल. एम ५१ या संपूर्ण दीर्घिकेपेक्षा शंभरपटीहून अधिक प्रखर. मग शेजारच्या टेकडीवरचा मनोरा, विजेच्या तारांतील ठिणगी किंवा धावती विद्युत रेल्वे यांचे काय होईल, याची कल्पना सहज करता येते. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची मूळ आखणी याच परिसरातून होती. दुर्बिणीला पोहोचणाऱ्या बाधेमुळे ती बाजूला ठेवण्यात आली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांतील लोकांना त्याचे वाईट वाटले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो लवकर नाशिक-मुंबईला पोहोचावा, मुलांना शिक्षणासाठी रोज पुण्याला जाता यावे, ही अपेक्षा गैर कशी म्हणावी? दुसऱ्या बाजूला, एकदा गमावलेली रेडिओ शांतता पुन्हा विकत घेता येत नाही, हेही तितकेच खरे. ज्या शेतकऱ्यांच्या बांधाला लागून या तबकड्या उभ्या आहेत, त्यांना त्या काय करतात हे कोणी नीट बसून सांगितले आहे काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनी आणि सुशिक्षितांनीही स्वतःला विचारण्यासारखा आहे.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदला प्रदर्शन भरते. तेथे हजारो विद्यार्थी येतात, आसपासच्या शाळांची मुले स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि तबकड्या जवळून पाहता येतात. मुलांना घेऊन अवश्य जावे. आत शिरण्यापूर्वी भ्रमणध्वनी बंद करावा. आणि तेथील शास्त्रज्ञांना चंद्रशेखर-फर्मींच्या त्या वाळवणाच्या दोरीविषयी विचारावे.